आफ्रिकी समाजांतील लिंगभाव, न्याय व सुरक्षा : संशोधन आणि समीक्षा

आफ्रिका खंडातील समाजांत स्त्री-पुरुषांना नेमून दिलेल्या भूमिका, त्यांना मिळणारा वा नाकारला जाणारा न्याय आणि युद्धात व शांततेच्या काळात त्यांच्या जीविताची व उपजीविकेची शाश्वती यांचे परस्परसंबंध तपासणारी अभ्यासपरंपरा. ती मानवशास्त्र, इतिहास, न्यायशास्त्र, राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध या शाखांतून वाढली. स्त्री-पुरुषांतील जीवशास्त्रीय भेदाहून निराळा, समाजाने घडविलेला स्त्रीपणाचा व पुरुषपणाचा अर्थ म्हणजे लिंगभाव होय. सुरक्षा ही संज्ञाही येथे राज्याच्या सीमांच्या रक्षणापुरती मर्यादित नाही. घर, शेत, पाणवठा व बाजार येथील निर्भयतेचाही तीत अंतर्भाव होतो.

या संशोधनाचा एक विशेष असा, की ते विद्यापीठांच्या भिंतींआड राहिले नाही. त्यातील संज्ञा न्यायालयांच्या निकालपत्रांत, युद्धोत्तर पुनर्वसनाच्या नियमांत आणि मदतसंस्थांच्या पात्रतेच्या निकषांत उतरल्या. साहजिकच त्यांतील उणिवांचे परिणामही प्रत्यक्ष स्त्री-पुरुषांना भोगावे लागले. म्हणून या संशोधनाचे मूल्यमापन करताना एक प्रश्न मुख्य ठरतो : त्याने पुरविलेल्या संज्ञांमुळे न्याय मागण्याचा मार्ग कोणाला खुला झाला आणि त्या संज्ञांबाहेर कोण राहिले? पन्नासहून अधिक देश आणि शेकडो भाषा असलेल्या या खंडाविषयी एकच सर्वसाधारण विधान करणे शक्य नाही. त्यामुळे पुढील विवेचन नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, रूआंडा, सिएरा लेओन, युगांडा, काँगो व लायबीरिया येथील प्रमुख अभ्यासांच्या आधारे केले आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी : या अभ्यासाच्या प्रारंभी १९२९ मध्ये आग्नेय नायजेरियात झालेला स्त्रियांचा उठाव उभा आहे. ब्रिटिश प्रशासनाने तेथील गावांवर सनदी मुखिया नेमले होते आणि त्यांच्या हाती देशी न्यायालये सोपविली होती. पुरुषांवर कर बसविण्यात आल्यानंतर स्त्रियांचीही गणना सुरू होताच आता आपल्यावरही कर बसणार, या शंकेने इग्बो व इबिबिओ स्त्रिया हजारोंच्या संख्येने एकत्र आल्या. त्यांनी मुखियांच्या पदत्यागाची मागणी केली व अनेक देशी न्यायालये मोडली वा जाळली. सैनिकांनी केलेल्या गोळीबारात पन्नासांवर स्त्रिया मारल्या गेल्या. सरकारी कागदपत्रांत या घटनेची नोंद ‘आबा दंगल’ अशी झाली. खुद्द स्त्रिया तिला स्त्रियांचे युद्ध म्हणत. नावातील या फरकातच पुढील सर्व वादाचे बीज आहे.

ज्यूडिथ व्हॅन ॲलन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले, की हा उद्रेक आंधळा नव्हता. एखाद्या पुरुषाने पत्नीस मारहाण केली किंवा बाजाराचे नियम मोडले, तर स्त्रियांनी त्याच्या घराभोवती जमून गाण्यांतून त्याची निंदा करावयाची, प्रसंगी त्याची झोपडीही मोडावयाची आणि तो चूक कबूल करीपर्यंत हटावयाचे नाही, अशी रूढ पद्धत इग्बो समाजात होती. १९२९ मध्ये तीच पद्धत अधिक मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. याचा अर्थ स्त्रियांची स्वतःची न्यायव्यवस्था अस्तित्वात होती. वसाहती प्रशासनाला ती दिसली नाही, कारण राजकीय सत्ता पुरुषांकडेच असणार हे त्याने गृहीत धरले होते. या निबंधाने संशोधनाची दिशा पालटली. मात्र त्यात इग्बो स्त्रियांच्या पूर्वकालीन सत्तेचे चित्र काहीसे एकसंध झाले आहे. वय, संपत्ती व दास्य यांमुळे स्त्रियांतही जे थर होते, त्यांची चिकित्सा पुढील अभ्यासकांवर सोपविली गेली.

लिंगभाव या संकल्पनेविषयीचा वाद : इफी अमाडिउमी यांच्या मेल डॉटर्स, फीमेल हजबंड्स (१९८७, म. शी. पुत्ररूप कन्या, पतिरूप स्त्रिया) या ग्रंथात न्नोबी या इग्बो गावाचा इतिहास आहे. तेथे पुत्र नसलेला पिता कन्येला पुत्राचा दर्जा देऊन वारस करू शके आणि संपन्न स्त्री वधूमूल्य देऊन दुसऱ्या स्त्रीशी विवाह करू शके. या विवाहाचा हेतू श्रम, संतती व प्रतिष्ठा मिळविणे हा असे. सामाजिक भूमिका देहाशी घट्ट बांधलेली नव्हती, हे लेखिकेचे प्रमुख प्रतिपादन आहे. ओयेरोंके ओयेवुमी यांनी द इन्व्हेन्शन ऑफ विमेन (१९९७) या ग्रंथात याही पुढे जाऊन असे मांडले, की योरुबा समाजात ज्येष्ठ-कनिष्ठ हाच मूलभूत भेद होता. ‘स्त्री’ हा दुय्यम सामाजिक वर्ग वसाहतवादाने निर्माण केला.

पाश्चात्त्य संज्ञा सर्वत्र लागू पडतात या समजाला या दोन्ही ग्रंथांनी धक्का दिला. तथापि ओयेवुमी यांनी भाषेच्या पुराव्यावर दिलेला भर टीकेस पात्र ठरला. भाषेत स्त्रीलिंगी-पुल्लिंगी सर्वनामे नसली, म्हणजे व्यवहारात स्त्री-पुरुषविषमता नव्हती असे सिद्ध होत नाही, हा बीबी बाकारे-युसुफ प्रभृतींचा आक्षेप ग्राह्य आहे. शिवाय ज्येष्ठतेचा मानही विवाहित स्त्रीच्या वाट्याला सासरी सहजासहजी येत नसे. पतीच्या कुळात तिची ज्येष्ठता विवाहाच्या दिवसापासून मोजली जाई. वसाहतपूर्व समतेचे चित्र रंगविणाऱ्या लेखनाचा वापर आजच्या पुरुषसत्तेच्या समर्थनार्थ होऊ शकतो, हा धोका या वादाने स्पष्ट केला.

रूढिजन्य कायदा व न्याय : या अभ्यासपरंपरेतील सर्वांत भरीव कार्य रूढिजन्य कायद्यासंबंधी झाले आहे. मार्टिन चॅनॉक यांनी लॉ, कस्टम अँड सोशल ऑर्डर (१९८५) या ग्रंथात मालावी व झँबिया येथील वसाहती कागदपत्रांच्या आधारे असे दाखविले, की ‘प्राचीन रूढी’ म्हणून न्यायालयांनी स्वीकारलेले नियम पुष्कळदा वसाहतकाळातच घडले. मजुरीसाठी पुरुष दूर गेले, स्त्रियांचे स्थलांतर वाढले, विवाहसंबंध सैल झाले. अशा वेळी स्त्रियांवरील ताबा राखू पाहणारे गावातील ज्येष्ठ पुरुष आणि सुव्यवस्था हवी असलेले अधिकारी यांचे हितसंबंध जुळले. ज्येष्ठांनी सांगितली ती रूढी ठरली. स्त्रियांना विचारले गेले नाही. दक्षिण आफ्रिकेत नाताळच्या १८९१ च्या देशी कायदासंहितेने तर आफ्रिकी स्त्रीला आयुष्यभर अज्ञान (कायद्याने अल्पवयीन) ठरविले. महमूद ममदानी या भारतीय वंशाच्या युगांडातील विचारवंतांनी सिटिझन अँड सब्जेक्ट (१९९६) या ग्रंथात या व्यवस्थेला विकेंद्रित हुकूमशाहीचे रूप म्हटले. शहरात नागरी कायदा व ग्रामीण भागात मुखियाची रूढी, असे दुहेरी राज्य स्वातंत्र्यानंतरही टिकले, हे त्यांचे विश्लेषण मौलिक आहे. मात्र ग्रामीण प्रजाजनांतही स्त्रीची स्थिती निराळी होती, या मुद्द्याला त्यांच्या मांडणीत पुरेसे स्थान मिळालेले नाही.

रूढी घडविलेली असेल, तर ती बदलताही येईल, हा या संशोधनाचा व्यावहारिक निष्कर्ष होय. त्याची कसोटी न्यायालयांत लागली. झिंबाब्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मगाया खटल्यात वडिलांच्या मालमत्तेवरील ज्येष्ठ कन्येचा हक्क नाकारून तिच्या सावत्र भावाला वारस ठरविले. समतेच्या तत्त्वातून रूढिजन्य कायद्याला वगळणारी तत्कालीन राज्यघटनेतील तरतूद त्याला आधारभूत होती. २०१३ च्या राज्यघटनेत ती राहिली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने २००४ मध्ये भे खटल्यात याच्या उलट निर्णय दिला. केप टाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीतील दोन अल्पवयीन बहिणींच्या मृत पित्याचे घर रूढीने आजोबांकडे जात होते. पुरुष-ज्येष्ठाधिकाराचा नियम घटनाबाह्य ठरवून न्यायालयाने बहिणींना वारस मानले. बहुमताने तो नियम रद्द केला, तर न्यायमूर्ती एंगकोबो यांनी भिन्न मत नोंदवून रूढी रद्द न करता ती घटनेशी सुसंगत होईल अशी विकसित करावी असे म्हटले. २००८ च्या शिलुबाना खटल्यात न्यायालय या दुसऱ्या भूमिकेच्या जवळ आले. वलोयी समाजाने पूर्वी स्त्री म्हणून डावलल्या गेलेल्या मुखियाच्या कन्येला मुखियापद देण्याचा घेतलेला निर्णय त्याने वैध ठरविला, कारण आपली रूढी बदलण्याचा अधिकार खुद्द समाजाला असतो.

या निर्णयांमागे ‘जिवंत रूढी’ ही संकल्पना आहे. लिखित संहितेत बंद झालेली रूढी एक आणि लोक प्रत्यक्षात आचरतात ती दुसरी, हा भेद स्पष्ट करण्याचे श्रेय बऱ्याच अंशी दक्षिणेकडील देशांतील स्त्री विधिज्ञांच्या संशोधनगटांना जाते. त्यांनी विधवांच्या मुलाखती घेतल्या, वारसाहक्काचे तंटे गावात कसे मिटतात हे पाहिले आणि कागदावरील नियमाहून व्यवहार पुष्कळ लवचीक असल्याचे नोंदविले. परंतु लवचीकपणा नेहमीच दुर्बलाच्या बाजूने झुकत नाही. ज्याचे वजन अधिक, त्याच्या बाजूनेही तो झुकतो. वधूमूल्याची प्रथा याचे उत्तम उदाहरण आहे. महाराष्ट्रात काही जातिजमातींत देज या नावाने परिचित असलेल्या प्रथेशी तिचे साम्य आहे. युगांडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वधूमूल्य वैध ठेवले, पण विवाह मोडल्यास ते परत मागण्याची प्रथा घटनाबाह्य ठरविली. परतफेडीच्या भयाने छळ सोसणाऱ्या स्त्रियांना त्यामुळे विवाह सोडण्याची वाट मोकळी झाली. प्रथा सरसकट टाकाऊ वा पवित्र न मानता तिच्यातील नेमका अन्यायकारक दुवा शोधणे, ही या संशोधनाची सर्वांत उपयुक्त शिकवण होय.

साक्ष व मौन : रूआंडातील १९९४ च्या वंशसंहारानंतर संशोधनाचा भर मालमत्ता व विवाह यांवरून हिंसाचाराकडे वळला. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढील आकायेसू खटल्याच्या मूळ आरोपपत्रात बलात्काराचा आरोप नव्हता. साक्षीच्या ओघात स्त्रियांनी त्याचा उल्लेख केला. पीठावरील एकमेव स्त्री न्यायाधीश, दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या नवनीतम पिल्ले यांनी त्याबाबत अधिक प्रश्न विचारले. पुढे आरोपपत्र सुधारले गेले आणि २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हे वंशसंहाराचे साधन ठरू शकते हे प्रथमच मान्य झाले. किन्यारूआंडा भाषेतील संबंधित शब्दांच्या अनुवादाचा प्रश्नही न्यायासनाला हाताळावा लागला. तथापि या निर्णयाने निर्माण केलेल्या अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत. नंतरच्या अनेक खटल्यांत असे आरोप वगळले गेले वा सिद्ध झाले नाहीत. देशातील गचाचा या लोकन्यायालयांनी २०१२ पर्यंत सु. १९ लाख प्रकरणे निकालात काढली. लैंगिक गुन्हे २००८ नंतर त्यांच्याकडे आले व बंद दाराआड चालविले गेले. तरीही शेजाऱ्यांच्याच पंचायतीपुढे साक्ष देणे स्त्रियांना अवघड होते.

जेनी बर्नेट यांच्या जेनोसाइड लिव्ह्ज इन अस (२०१२) या ग्रंथाचे महत्त्व ते मौनाचाही अर्थ लावते यात आहे. अधिकृत स्मरणविधींत पीडित म्हणजे तुत्सी अशी विभागणी झाल्याने, पती गमावलेल्या किंवा ज्यांचे पती तुरुंगात होते अशा हुतू स्त्रियांना शोक व्यक्त करण्यास जागा उरली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व सलोखा आयोगाच्या कामकाजाविषयी फिओना रॉस यांनी बेअरिंग विटनेस (२००३) या ग्रंथात अशीच चिकित्सा केली आहे. आयोगाकडे आलेल्या सु. २१,००० निवेदनांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांची होती. पण बहुतांश स्त्रिया पुत्र, पती वा भाऊ यांच्या यातनांविषयी बोलल्या. हत्या, अपहरण, छळ व गंभीर दुर्वर्तन एवढ्यांनाच आयोगाच्या व्याख्येत स्थान असल्याने परवान्यांचे कायदे, सक्तीचे स्थलांतर व विस्कटलेले संसार हे स्त्रियांचे रोजचे दुःख नोंदीबाहेर राहिले. टीकेनंतर स्त्रियांसाठी खास सुनावण्या झाल्या. परंतु तेथे लैंगिक अत्याचाराची कथा सांगण्याची अपेक्षा त्यांच्यावर आली. मौन फोडणे म्हणजे न्याय, हे समीकरण रॉस स्वीकारीत नाहीत, आणि त्यांचा हा संयम उचित आहे.

युद्धोत्तर पुनर्वसन : संज्ञा चुकली, की मदत कशी चुकते हे सिएरा लेओनमध्ये (युद्धकाल १९९१–२००२) दिसून आले. तेथील निःशस्त्रीकरण कार्यक्रमात सु. ७२,००० व्यक्तींची नोंद झाली. त्यांत स्त्रियांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. बंडखोर दलांतील स्त्रियांच्या संख्येशी हे प्रमाण जुळत नव्हते. लढाऊ व्यक्ती म्हणजे शस्त्र जमा करणारी, हा निकष त्याला मुख्यतः कारणीभूत होता. अनेकींची शस्त्रे नायकांनी आधीच काढून घेतली होती; स्वयंपाक, वाहतूक, हेरगिरी व लढाई ही कामे करणाऱ्या इतरांची गणना ‘अपहृत’ वा ‘छावणीबरोबर आलेल्या’ अशी झाली. मेगन मॅकेंझी यांनी फीमेल सोल्जर्स इन सिएरा लेओन (२०१२) मध्ये या वर्गीकरणावर थेट टीका केली. स्त्रीला सैनिक न मानल्याने तिला पुनर्वसनभत्ता मिळाला नाही आणि युद्धपूर्व कुटुंबव्यवस्थेत परतणे हेच तिचे पुनर्वसन ठरले.

क्रिस कूल्टर यांचा बुश वाइव्ह्ज अँड गर्ल सोल्जर्स (२००९) हा ग्रंथ उत्तरेकडील क्षेत्रकार्यावर आधारित असून या विषयावरील सर्वांत समतोल लेखनात त्याची गणना करता येईल. बंडखोरांनी पळवून नेलेल्या व ‘पत्नी’ केलेल्या मुलींपुढे निवडीस किती अल्प वाव होता आणि त्या अल्प वावातही त्यांनी जगण्याची धडपड कशी केली, या दोन्ही गोष्टी कूल्टर एकाच वेळी पाहतात. स्त्रीला केवळ बळी किंवा केवळ कर्ती ठरविण्याचा मोह त्या टाळतात. न्यायालयीन पातळीवर विशेष न्यायालयाच्या अपील पीठाने २००८ मध्ये सक्तीचा विवाह हा लैंगिक गुलामगिरीहून निराळा, मानवतेविरुद्धचा गुन्हा मानला, कारण त्यात ‘पत्नी’ हा कलंक व घरकामाची सक्तीही अंतर्भूत असते. ही सूक्ष्म जाणीव स्त्रियांच्या साक्षींतून आली. मात्र विवाह हा शब्द वापरल्याने अपहरणकर्त्याच्याच भाषेला मान्यता मिळते, असा आक्षेपही घेतला गेला, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

उत्तर युगांडात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२१ मध्ये सक्तीचा विवाह व सक्तीची गर्भधारणा यांसह अनेक गुन्ह्यांबद्दल डॉमिनिक ऑंग्वेन यांना दोषी ठरविले. ते स्वतः बालपणी याच बंडखोर सेनेने पळविलेले होते. एरिन बेन्स यांनी बरीड इन द हार्ट (२०१७) मध्ये पीडित व दोषी यांतील सीमारेषा अशा पुसट असताना न्यायाचा विचार कसा करावा याची चर्चा केली आहे. परतलेल्या स्त्रियांच्या मुलांना पितृवंशीय समाजात जमिनीचा वाटा व कुळाचे नाव मिळत नाही. त्यांच्या दृष्टीने तोच न्यायाचा पहिला प्रश्न आहे. हॉली पोर्टर यांच्या आफ्टर रेप (२०१७) या ग्रंथातही अचोली स्त्रियांच्या न्यायकल्पनेत शिक्षेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व सामाजिक सलोख्याला असल्याचे नोंदविले आहे. परंतु सलोखा कोणाच्या सोसण्यावर उभा असतो, हा प्रश्न त्यातून नाहीसा होत नाही.

‘युद्धाचे शस्त्र’ ही मांडणी : पूर्व काँगोतील बलात्कारांविषयी जगभर रूढ झालेली मांडणी, बलात्कार हे युद्धाचे शस्त्र, ही मुळात स्त्रीवादी संशोधनाची उपलब्धी होती. बलात्कार हा युद्धाचा अटळ आनुषंगिक परिणाम नसून राजकीय कृत्य आहे, हे तिने पटवून दिले. पुढे मात्र तीच एकमेव मांडणी झाली. मारिया एरिक्सन बाझ व मारिया स्टर्न यांनी काँगोच्या सैनिकांशी बोलून लिहिलेल्या सेक्शुअल व्हायोलन्स ॲज अ वेपन ऑफ वॉर? (२०१३) या ग्रंथाने तिच्यापुढे प्रश्नचिन्ह उभे केले. अनेक घटनांमागे वरून आलेला हुकूम नव्हता. थकलेले वेतन, कोसळलेली शिस्त आणि कुटुंब पोसणारा पुरुष होता न आल्याचे वैफल्य होते. गुन्हेगाराचे म्हणणे ऐकणे म्हणजे त्याचे समर्थन नव्हे, हे भान लेखिकांनी राखले असले, तरी पीडितांचा आवाज त्यात क्षीण होतो. सेव्हरीन ओतेसेर यांनी २०१२ मधील निबंधात दाखविले, की खनिजे हे कारण, बलात्कार हा परिणाम व राज्यसत्तेचे दृढीकरण हा उपाय, एवढ्या सोप्या कथेमुळे जमिनीचे तंटे, इतर प्रकारचे छळ आणि पुरुष व बालकांवरील अत्याचार यांकडे दुर्लक्ष झाले. पुरुषांवरील लैंगिक अत्याचारांकडे लक्ष वेधण्याचे कार्य माकेरेरे विद्यापीठाशी संलग्न निर्वासित-विधी प्रकल्पाने व क्रिस डोलन यांच्या लेखनाने केले.

या संदर्भात अँबर पीटरमन व सहकाऱ्यांचा २०११ मधील सांख्यिकीय अभ्यास विशेष उद्‌बोधक आहे. २००७ च्या लोकसंख्या-आरोग्य पाहणीवरून त्यांनी काढलेल्या अंदाजानुसार काँगोतील सु. १७ ते १८ लाख स्त्रियांवर आयुष्यात केव्हा ना केव्हा बलात्कार झाला होता. पती वा जोडीदाराकडून लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांची संख्या मात्र ३० लाखांहून अधिक होती. पहिला आकडा जगभर गाजला, दुसरा तितका गाजला नाही. गणवेशातील गुन्हेगारासाठी न्यायालये, निधी व वार्ताहर उपलब्ध झाले. घरातील हिंसेसाठी त्यांपैकी फारसे काही झाले नाही. संशोधनाच्या संज्ञेने मदतीची सीमा कशी आखली, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

सुरक्षाविषयक धोरण : संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा स्त्रिया, शांतता व सुरक्षा यांविषयीचा ठराव क्र. १३२५ (३१ ऑक्टोबर २०००) नामिबियाच्या अध्यक्षतेखाली संमत झाला. आफ्रिकी स्त्री-हक्कांचा मापुतो करार २००३ मध्ये स्वीकारला गेला व २००५ मध्ये अंमलात आला. याच सुमारास लायबीरियात स्त्रियांच्या सामुदायिक आंदोलनाने आक्रा येथील शांतता वाटाघाटींवर दबाव आणला (२००३). तेथेच २००७ मध्ये भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाची महिला तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यात दाखल झाली. सर्वस्वी स्त्रियांची ती पहिली पोलीस तुकडी होय व तिचे कार्य २०१६ पर्यंत चालले. लेझ्ली प्रुइट यांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला (२०१६). स्त्रिया उपजतच शांतताप्रिय असतात म्हणून त्यांना शांतिसेनेत घ्यावे, हा युक्तिवाद स्त्रियांना संधी देतो, पण त्याच वेळी जुन्या साच्यातही बसवितो, ही अडचण या विषयावरील चर्चेत वारंवार येते. आयली मारी ट्रिप यांनी विमेन अँड पॉवर इन पोस्टकॉन्फ्लिक्ट आफ्रिका (२०१५) मध्ये दीर्घ युद्धांतून बाहेर पडलेल्या देशांत स्त्रियांचे राजकीय प्रतिनिधित्व वेगाने वाढल्याचे दाखविले. रूआंडाच्या कनिष्ठ सभागृहात २००८ मध्ये स्त्रियांचे बहुमत झाले. मात्र जेथे विरोधी मताला वाव नाही, तेथे हे बहुमत सामान्य स्त्रीच्या सुरक्षेत कितपत उतरते, याचे उत्तर केवळ आकडेवारीतून मिळत नाही.

ज्ञाननिर्मितीचा प्रश्न : वरील ग्रंथांपैकी अनेकांचे लेखक युरोप-अमेरिकेतील आहेत, ही बाब दुर्लक्षणीय नाही. आफ्रिकी स्त्री-संशोधकांची संघटना १९७७ मध्ये डकार येथे स्थापन झाली, ती याच विषमतेला उत्तर म्हणून. माकेरेरे विद्यापीठात १९९१ मध्ये स्त्री-अभ्यास विभाग सुरू झाला आणि २००२ पासून केप टाउन येथून फेमिनिस्ट आफ्रिका हे नियतकालिक निघू लागले. आमिना मामा, सिल्व्हिया तमाले प्रभृतींनी, आफ्रिकी स्त्रीने कच्चा माल पुरवावा व सिद्धांत इतरत्र तयार व्हावा, या श्रमविभागणीवर टीका केली. गाजलेल्या संघर्षक्षेत्रांत त्याच त्या पीडितांना वारंवार आपबीती सांगावी लागते, तर जेथे युद्ध नाही तेथील हिंसेस अभ्यासक मिळत नाहीत. दुभाष्यामार्फत घेतलेल्या मुलाखतींत मूळ शब्दांच्या छटाही पुष्कळदा हरवतात.

मूल्यमापन : गेल्या पन्नास वर्षांत या संशोधनाने तीन गोष्टी निश्चितपणे साधल्या. रूढी ही कालातीत नसून घडविलेली असते, हे सिद्ध केले. युद्धातील लैंगिक हिंसेला न्यायालयीन गुन्ह्याचे नाव मिळवून दिले. आणि सुरक्षेची कसोटी राज्याऐवजी माणसाच्या जगण्यावर लावली. त्याची मुख्य मर्यादा या यशातूनच निर्माण झाली. पीडित या संज्ञेने स्त्रीला न्यायासनापुढे उभे केले, पण पुष्कळदा एकाच प्रकारची कथा सांगण्याच्या अटीवर. जी लढली, जिने बंडखोराच्या मुलांना वाढविले, जिला पतीकडूनच मार बसला किंवा जिने बोलायचेच नाही असे ठरविले, ती त्या अटीत बसली नाही. व्हॅन ॲलन, कूल्टर, रॉस, बर्नेट यांचे लेखन टिकून राहील, ते त्यांनी तयार संज्ञेवर विसंबून न राहता स्त्रिया कशाला अन्याय म्हणतात हे आधी ऐकले म्हणून. पुढील संशोधनापुढे घरातील हिंसा, जमीन व वारसा, युद्धात जन्मलेल्या संततीचा दर्जा आणि पुरुषांवरील अत्याचार हे विषय प्रामुख्याने आहेत. ते आफ्रिकी भाषांतून व आफ्रिकी विद्यापीठांतून हाताळले जाण्यावरच या अभ्यासपरंपरेची विश्वासार्हता अवलंबून राहील.